निघोज्याचा पाणकोट

—न्हाई रंगराव, तळं न्हाई हे, खंदक हाय. सगळे आधी तळंच म्हणत्यात. पोरीच्या लग्नाला हॉल बघायला चिखलीवरनं आलाय तर नीट बघून जावा — लॉन्स काय, ह्या रस्त्याला पावलोपावली हायेत, पण पाण्यात उभं असलेलं मंगल कार्यालय ह्या दादासाहेबाचं, माझं, हे एकच. अस्सल जर्मन. माझ्या बसगाड्या इथल्या जर्मन कंपनीची शिफ्ट नेत्यात-आणत्यात — तर तिथल्या सायबानं आमा चार ठेकेदारांना जर्मनीला नेलं, आन् एका रविवारी असला कोट दाखवला. चारी अंगांनी पाणी, भिंती थेट पाण्यातनं वर आलेल्या, लाल विटा, कोपऱ्याला बुरूज, त्याच्यावर टोकदार टोपी. मी इचारलं, पाण्यात कशाला बांधला? तर गाईड बाई म्हणली, मुलूख सपाट, डोंगर न्हाई, मग सरदारानं चढायचं कुटं? म्हणून पाणी अडवलं, चिखलात ओक झाडाचे सोट ठोकले आन् त्याच्यावर भिंती उचलल्या. सातशे वर्षं झाली, लाकूड कुजलं न्हाई — पाण्याखाली त्याला हवाच लागत न्हाई. आमच्या स्लॅबला तिसऱ्या वर्षी ओल आली, ती गोष्ट निराळी.

दोन बेटं असत्यात बघा. बाहेरच्या बेटावर गोठे, कोठारं, गडीमाणसं. आतल्या बेटावर मालक. मधी उचलायचा पूल. आपण तसंच केलंय — पार्किंग आन् आचारी बाहेर, वऱ्हाड आत. पुढं लढाया थांबल्या तशा त्यांनी खिडक्या मोठ्या केल्या, खंदकात मासे सोडले, नुसती शोभा राहिली. आमी शोभेपासनंच सुरुवात केली. काय म्हणलात? चाकणच्या किल्ल्यालाबी खंदक व्हता? व्हय, व्हता की. भुईकोटच तो. पण ते मला जर्मनीत कळलं — गाईड बाईनं इचारलं, तुमच्याकडं असलं काय हाय का, तर सायबानंच फोनवर शोधून मला दाखवला. पोरपणी त्याच्या शेजारनं रोज दूध घालायला जायचो मी, कधी आत पाय ठेवला न्हाई.

ते मागं? व्हय, तिथं खंदक वाकडा हाय. नकाशात सरळ व्हता. बांधापलीकडं पत्र्याचं घर दिसतंय ना, ते आमच्या थोरल्या भावाचं, सावळारामचं. त्याची वाट आपल्या रानातनं. वडलांपासनं व्हती, व्हय, पण कागदावर न्हाई ना. मी म्हणलं वाट मोड, त्यो म्हणला न्हाई. मी काय भांडत बसलो न्हाई — आर्किटेक्टला म्हणलं, खंदक जरा तिकडनं घ्या. जेसीबीनं दोन दिवसांत वाट पाण्यात. त्या जर्मन सरदारानं तरी दुसरं काय केलं असंल?

पहिलं लग्न आमच्या आरोहीचंच. सावळारामला पत्रिका दिली न्हाई. पण आला आन् चार माणसांत काय बोलला तर — म्हणून गेटवरच्या नवनाथला सांगून ठेवलं, थोरला दिसला की पूल उचल. मंगलाष्टकं सुरू झाली आन् पूल वर गेला. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रम हाय. मी बघितलं तर सावळाराम एकटा न्हाई, आईला धरून आणलेलं त्यानं. आई त्याच्याकडंच असती. तिला गाडी धाडणार व्हतो मी — राहून गेलं गडबडीत. नवनाथला हात केला, खाली घे म्हणून. त्यानं बटण दाबलं, मोटर गुरगुरली आन् गप झाली.

आई त्या काठावर उभी, ठेवणीतलं लुगडं, पदरात अक्षता. दर 'सावधान'ला मूठभर टाकायची. पाण्यात पडायच्या, मासे वर येऊन खायचे. हार घातला तशी आरोही माझ्याकडं आली. "पप्पा, आजीला कुणी अडवलं?" मी म्हणलं, मोटर बिघडली. ती म्हणली, "वर जाताना तर चालत व्हती."

शेवाळ काढायची एक प्लास्टिकची होडी असती आपल्याकडं. आरोही नवऱ्याला घेऊन तिच्यात बसली, पलीकडं गेली, आजीच्या पाया पडली — आन् परत आलीच न्हाई. तिथनंच सासरी. पाठवणी त्या काठावर झाली, सावळारामनं केली. मी ह्या काठावर, वऱ्हाड माझ्यासंगं उपाशी, जेवण सगळं बाहेरच्या बेटावर. चार वाजता क्रेन आली तवा पूल खाली आला. ड्रोनवाल्यानं सगळं टिपलं. ते मोबाईलवर इतकं फिरलं की आता लोक म्हणत्यात, आमचीबी पोरगी होडीतनं पाठवा. तिथनं धंदा वाढला बघा.

आई? हाय की. ती पत्र्याच्या घराच्या ओट्यावर बसलीय, तीच. पुलाची मोटर मी काढून टाकली, वेल्डिंग मारलं, आता हलत न्हाई. तसा निरोप धाडला. तर म्हणली, तुझा पूल तुला ऱ्हाऊ दे, माझी वाट व्हती ती दे. आता खंदक बुजवावा तर हॉलचं नावच जातंय — तुमीच सांगा.

काय? जरा मोठ्यानं बोला... तुमचा धाकटा भाऊ? बोलवायचा न्हाई त्याला. आन् वेल्डिंग त्या एका दिवसापुरतं काढता येईल का, म्हणताय...

कितवी तारीख म्हणलात? न्हाई, ती गेली. आत्ता आठवलं मला. पुढचीबी गेली. वही बघायची गरज न्हाई. गाडी तिकडनं वळवा रंगराव, आन् सावकाश जावा.