सपाट बोळातल्या पायऱ्या

माझ्या नकाशाच्या वेडाला हसता ना, मग हे ऐकाच. आम्ही हौशी मंडळी फुकटात जो ऑनलाइन नकाशा बनवतो, त्यात कोणीतरी कसबा पेठेतल्या एका सपाट बोळात पायऱ्या दाखवल्या. मी पुसल्या, की दुसऱ्या दिवशी परत हजर! शेवटी चिडून बघायलाच गेलो. बोळात एक निवृत्त काका उभे.

"काका, इथे पायऱ्या कुठायत?"

"नकाशात. मीच टाकल्यात. तेव्हापासून मोबाइल बघत शॉर्टकट मारणारी एकही स्कूटर इकडून घुसत नाही. त्या रोज पुसणारे शहाणे आपणच का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांना फोन आला. त्यांचा नवा फ्रिज बोळाच्या तोंडाशी आला होता. आम्ही दोघं गेलो, तर टेम्पोवाला आत यायला तयारच नाही.

"नकाशात पायऱ्या दाखवतोय. पायऱ्या असल्या की आम्ही सामान चढवत नाही."

समोर बोळ सपाट दिसतोय, पण त्याला निमित्तच हवं होतं. फ्रिज रस्त्यावर उतरवून गेला निघून.

मला इतका आनंद झाला! म्हटलं, "काका, आता तरी काढू ना पायऱ्या?"

"अहो, फ्रिज एकदाच येतो. स्कूटरी रोज येतील. धरा तिकडून."

धरला, काय करणार? मी घामाघूम होऊन उलटा चालतोय आणि काका दर दोन पावलांना ओरडतायत, "सावकाश! पायरी आहे!"