सख्ख्या बापावर शिंकायचं कसं?

नाही, तुम्हीच सांगा मला, सख्ख्या बापाच्या तोंडावर शिंकायचं, तेही घरच्यांच्या हुकमावरून, असं कुणाच्या नशिबी आलंय का आजवर?... थांबा, आधी माफी मागतो. हे मी कागदावर लिहून आणलंय, कारण चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाची बोंब आहे आणि शब्दही सगळे रोजच्या वापरातलेच. चालवून घ्या. पण डॉक्टर ‘कधीकधी’ म्हणाले होते हो! हे एवढं एक मात्र नीट ऐका, कारण आमच्या घरात ते कुणीही ऐकलं नाही!

तर आमच्या घरात दादा तापाने आडवा, वहिनी तापाने आडवी, आणि आत्या... आत्यालाही ताप, पण ती आडवी होत नाही, ती डोक्याला फडकं बांधून उभ्यानेच राज्य करते. आई गेल्यापासून तिचंच राज्य. उरलो मी. मला नुसती सर्दी. पण सर्दी म्हणजे अशी की कामावर आमचे मिस्त्री म्हणाले, “अरे, नाक आहे की गळका नळ? वायसर बदल!” मी शटर दुरुस्त करतो. दुकानांची लोखंडी शटरं असतात ना, ती वर जात नाहीत, खाली येत नाहीत, मधेच रुसून बसतात, ती मी मनवतो. लोखंडाशी माझं छान जमतं, ते मधे बोलत नाही.

आणि पलीकडच्या खोलीत बाबा. बाबांनी जन्मभर लाकूड घासून त्याला पॉलिश केलं, दुसऱ्यांची कपाटं आरशासारखी केली आणि सगळा भुसा स्वतःच्या छातीत भरून घरी आणला. मागच्या वेळी असाच ताप घरात फिरला तेव्हा बाबा महिनाभर बसूनच झोपले. आडवं झालं की दम लागायचा. भिंतीपलीकडून तो श्वास ऐकू यायचा, गंजलेलं शटर ओढल्यासारखा, आणि मी इकडे उशीत तोंड खुपसून पुढच्या श्वासाची वाट बघायचो... आला की मग मी घ्यायचो माझा. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, “या माणसाला परत असा ताप चढू देऊ नका. पुढच्या वेळी घरी भागायचं नाही.”

आता योगायोग बघा. त्याच डॉक्टरांच्या दवाखान्याचं शटर अडकलं आणि मिस्त्रींनी मला पाठवलं. तोंडाला रुमाल बांधून मी पट्ट्या सरळ केल्या, ग्रीस लावलं, शटर लोण्यासारखं वर गेलं. डॉक्टर खूश. म्हटलं हीच वेळ, विचारू या. विचारलं, “साहेब, घरात सगळ्यांना ताप, मी त्यांच्यातच वावरतो, तर मला नुसती सर्दीच कशी?” तर डॉक्टर हसून म्हणाले, “तुझ्याच भाषेत सांगतो. सर्दीचा विषाणू आधी आत शिरला की शरीर जागं होतं आणि शटर खाली ओढून घेतं. मग मागून तापाचा आला तरी त्याला शिरता येत नाही. कधीकधी. आणि कधीकधी उलटं होतं, पहिला पाहुणा शटर वाकवून जातो आणि दुसऱ्याला मोकळं रान मिळतं. तुझ्या वडिलांच्या छातीचं शटर तर आधीच वाकलेलं. तेव्हा तापवाल्यांनी लांब राहायचं आणि सर्दीवाल्याने, म्हणजे तूसुद्धा, लांबच राहायचं. कळलं?”

कळलं! मला कळलं हो! शटर वाकलं की काय होतं हे मला नाही कळणार तर कुणाला? वाकलेल्या शटराखालून मांजर जातं, उंदीर जातो, रस्त्यावरचं पाणीसुद्धा न विचारता आत जातं!

घरी येऊन सांगायला बसलो. मी बोलताना मधे श्वास घेतो, ही माझी वाईट सवय. तेवढ्या फटीत लोक शिरतात. मी म्हटलं, “आत्या, डॉक्टर म्हणाले, सर्दी असली की शरीर शटर ओढून घेतं, मग ताप शिरत नाही...” आणि घेतला श्वास. झालं! आत्या टाळी वाजवून उभी! “ऐकलंस का रे?” ती दादाला म्हणाली. “सर्दीवाल्याला ताप होत नाही! खुद्द डॉक्टरांनी सांगितलं!”

मी म्हटलं, “कधीक...”

“मग आपल्या भाऊला सर्दी का देत नाही आपण?”

भाऊ म्हणजे बाबा. तिचा भाऊ, माझा बाप!

दादा पांघरुणातून म्हणाला, “आत्या, डोकं आहे हं तुला.” एरवी हा दादा तिला ‘सरकार’ म्हणून टोमणे मारतो. तापात माणसाची मतं अशी बदलतात!

“आत्या, डॉक्टर ‘कधीकधी’ म्हणाले होते...”

“कधीकधी कशाला, आजच करू! शुभ कामाला उशीर नको. जा, समोर बस त्याच्या आणि मोकळेपणाने शिंक. दडपून नको, तुझं सगळंच दडपून असतं.”

“दोनदा शिंक,” दादा म्हणाला. “एखादी वाया गेली तर?”

वहिनी तरी शहाणी, म्हटलं ती अडवेल. ती कण्हत उठून बसली आणि म्हणाली, “भाऊजी, रुमाल इथेच ठेवून जा. सवयीने मधे आणाल.”

आता बोला! मी दारात उभा राहून तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा आत्या म्हणाली, “इथे नको शिंकू, आत जाऊन शिंक!” आणि मला बाबांच्या खोलीत ढकलून बाहेरून दार ओढून घेतलं. आणि दाराला कान!

मी दाराला पाठ लावून, सदरा नाकावर ओढून उभा. बाबा खिडकीशी बसून दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “काय रे? चोरासारखा काय उभा आहेस?”

बाबांपुढे मला बोलता येतं, कारण बाबा मधे बोलत नाहीत. त्यांना दम पुरत नाही हे खरं कारण, पण मला ते चालतं. मी कुजबुजत सगळं सांगितलं. बाबा हसले, हसताना खोकला आला, आणि त्या खोकल्यात ते जुनं शटर मला परत ऐकू आलं... बाबांनी डोळे पुसले, विचारलं, “आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाले?”

“कधीकधी, म्हणाले.”

“कधीकधी?” बाबांनी वस्तरा खाली ठेवला. “मग तू लांबच राहा, माझ्या राजा.”

ऐकलं! जगात एका माणसाने ऐकलं! आणि मला इतकं भरून आलं, इतकं भरून आलं की... नाकही भरून आलं! शिंक! खरी शिंक! ती काय वेळ बघून येते? नाक दाबलं, डोळे मिटले, देव आठवले, ती मागे हटेना. बाहेरून आत्या, “झाली का रे?” दार तर तिने धरलेलं. मग काय करणार? बाबांना वळसा घालून घेतली उडी खिडकीवर आणि गेलो पलीकडे! खिडकीला गज नाहीत आणि तळमजला आहे म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. गल्लीत पडलो आणि कोपरात तोंड खुपसून अशी शिंक दिली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचा थांबला!

“एक झाली!” आत्या आतून ओरडली. “दुसरी?”

आणि दुसरी कुणी दिली असेल? बाबांनी! बसल्या जागेवरून, साबण लावलेल्या गालांनी, “आऽऽक् छी!” अशी नाटकी की लहान मूलही फसणार नाही. आत्या फसली. “शाब्बास रे माझ्या वाघा!” हे मला!

मग बाबांनी दाराला आतून कडी घातली आणि मला खिडकीतून म्हणाले, “कडी काही मी आता काढत नाही. एक स्टोव्ह दे आणून, दोन भांडी, चहा-साखर, डाळ-तांदूळ. रांधायला माझे हात आहेत की.” आत्याला वाटलं, काम उरकून मी खिडकीतूनच बाहेर पडलो. मी हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून सगळं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि दहा पावलं मागे सरलो. बाबांनी ते आत ओढून घेतलं. संध्याकाळभर ते दारापलीकडून सूं-सूं करत नाक ओढत होते. सर्दी कुठली, नाटक! नाहीतर आत्याने मला परत पाठवलं असतं. आणि आत्या दारातून ऐकून सगळ्यांना सांगत होती, “लागू पडली! बघा, लागू पडली!”

मी मनात म्हटलं, पडू दे. बापाचं शटर आतून बंद आहे ना, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो... म्हणजे उठलो नाही. उठता येईना. हाडं अशी दुखत होती की जणू रात्रभर कुणी हातोडीने माझ्याच पट्ट्या सरळ केल्यात. नाक वाहतंच आहे आणि वर अंग तव्यासारखं तापलेलं! बाबांच्या खोलीतून मात्र स्टोव्हचा आवाज, चहाचा वास आणि बाबांचं गुणगुणणं. त्यांचा श्वास नीट चालला होता, मी आधी तोच ऐकला.

आत्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. “अगं बाई! याला ताप! सर्दी असताना ताप आलाच कसा?”

माझ्यात आता लाजायचंही बळ उरलं नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदाच, मधे श्वास न घेता, सबंध वाक्य तोंडातून बाहेर पडलं, “आत्या डॉक्टर ‘कधीकधी’ म्हणाले होते!”

दादाने पांघरुणातून डोकं काढलं. वहिनी उठून बसली. आत्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

“मग मेल्या, हे कालच सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुझं?”

मी काय केलं? रुमाल नाकाला लावला, पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतल्या आत शिंकलो. दडपून.