अन्नपूर्णा मावशीच्या घरापर्यंत पायी

नाही, पण मला एक सांगा, माणसानं रस्त्यानं नुसतं चालू नये असा काही कायदा आहे का आपल्याकडं? म्हणजे डोक्यावर ओझं नाही, हातात डबा नाही, कुणाच्या मयतीला जायचं नाही, दोन पाय आहेत म्हणून उगाच चाललंय माणूस, असं अमडापुरात चालतच नाही का? तुम्हाला सांगते, गेल्या तीन आठवड्यांतली माझी पावलं मोबाईलमध्ये मोजलेली आहेत आणि ती मी कुणालाही दाखवणार नाही, कारण पहिल्या दिवशीचा आकडा आहे दोनशे बारा, आणि त्यातली साठ तर घरात चपला शोधतानाची.

मला थायरॉईड आहे. बघा, तुम्हाला कसं पटकन सांगून टाकलं, कारण तुम्ही अमडापूरचे नाही. गळ्यातली ती फुलपाखरासारखी ग्रंथी, बी.एस्सी.ला मी तिची आकृती काढली होती, दहापैकी आठ मार्क, ती आता माझ्याच गळ्यात पंख मिटून झोपलीय, आणि ती झोपली की सगळंच झोपतं, पाय जड, डोकं जड, ऐन मार्चात मी स्वेटर शोधते… जागं राहतं ते फक्त वजन. वर्षभरात अकरा किलो. मी खाते किती ते आईला विचारा. नको, आईला नकाच विचारू, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "खात तं काहीच नाही, मंग हे येते कुठून?" आणि येणारा-जाणारा माझ्याकडं असं बघतो, की मी मागच्या दारानं काहीतरी खाते.

कोकिळाकाकू माझे ड्रेस शिवते. मागच्या खेपेला तिनं माप घेतलं, टेप डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला, आणि काही न बोलता आतल्या शिलाईत दोन इंच जास्तीचं कापड सोडलं. पुढं लागेल म्हणून. बोलली असती तर बरं झालं असतं हो.

तर चिखलीचे डॉक्टर म्हणाले, गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. गोळीनं आजार ताब्यात राहील, पण वजन उतरवायला पाय हलवावे लागतील, रोज पाऊण तास चालायचं, तीन महिन्यांनी मी बघणार. मी मान हलवली. काय अवघड आहे त्यात? सकाळी साडेपाचला गोळी, सहाला रस्ता. गावाला कळायच्या आत घरी परत.

गावाला कळायच्या आत…

आता माझा एक स्वभाव आहे, मी दचकते. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजत असते, तरी तिसरीला दचकते. आणि दचकले की तोंडातून जे पहिलं निघेल ते निघतं, ते खरं नसतंच कधी. पहिल्या दिवशी मी चिखलीच्या रस्त्याला लागले, छान गार हवा, हरभरा काढलेली रानं, कुणी नाही, मला वाटलं चला, जमतंय, आणि तेवढ्यात पाठीमागं कर्रकन ब्रेक लागला. माणिकराव. आमच्या गावचं दूध तेच डेअरीवर नेतात, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेले.

"काऊन वं मंजुश्री, एवढ्या सकाळी कुठं चालली?"

सांगायचं होतं ना, फिरायला. नाही निघालं. फिरायला म्हटलं की कशाला, मग वजन, मग आजार, मग पोरीला थायरॉईड आहे म्हणे… आणि त्यापुढचं वाक्य आपल्याकडं कुणी बोलत नाही, नुसतं एकमेकांकडं बघतात. त्या रस्त्यावर घर एकच, तीन किलोमीटरवर, माझ्या सख्ख्या मावशीचं, शेतात एकटीच राहते. मी म्हटलं, "अन्नपूर्णा मावशीकडं."

"येवढ्या सकाळी?"

"तिला… बरं नाही."

"अरारा. मंग पायी काऊन जाऊन राह्यली? बस."

आता आजारी मावशीकडं निघालेली भाची कुठल्या तोंडानं म्हणणार, नको काका, मी आपली रमतगमत जाते? दोन कॅनच्या मध्ये जागा होती. आणि मी बसले.

मावशीच्या दारात उतरले तर आजारी मावशी म्हशीला हाकत होती, कासोटा खोचून, आणि आवाज असा की मीच दोन पावलं मागं सरकले. माणिकरावांनी लांबूनच हात केला आणि निघून गेले, त्यांची डेअरी सातला बंद होते. मावशी म्हणाली, "काय वं माय, सकाळीसकाळी?" मी पुन्हा दचकले, आणि म्हटलं, "तुझी आठवण आली."

हे नको होतं म्हणायला. कारण मावशीनं म्हैस तशीच सोडली. पदरानं हात पुसले, उगाच दोनदा पुसले, आणि म्हणाली, "माह्या आठवणीनं तं कोणी येत नाही बाप्पा. आले तं कामानंच येते." आणि आत जाऊन चहा टाकला, म्हशीच्या दुधाचा, गोडमिट्ट साखरेचा, वर सोबत खारी. गोळी घेऊन पन्नासच मिनिटं झाली होती. पण आठवण आलेल्या माणसानं चहा नाही म्हणायचा नसतो. प्यायले.

परत तरी चालत जाऊ म्हणून निघाले, तर उद्धव सर. मला आठवीत गणित शिकवलेले, स्कूटरवर, पांढरा रुमाल बांधून. "मंजुश्री? बस." सरांना मी आठवीतही कधी नाही म्हटलं नाही. मी बसले, स्कूटर मागून खाली गेली, सर पुढून थोडे वर आले, आणि गाव येईपर्यंत आम्ही दोघं तसेच आलो.

दोनशे बारा पावलं.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी निघाले. माणिकरावही आधीच निघाले होते, म्हणे, "म्हटलं पोरगी पायी जाईल." आणि मी बसले. तिसऱ्या दिवशी उलट्या बाजूला, खामगावच्या रस्त्यानं गेले, तर एक ट्रॅक्टरवाला थांबला, मी त्याला ओळखतही नाही, म्हणाला, "मावशीचं घर तिकडं हाये ना? बस, फिरवून सोडतो." आणि मी ट्रॅक्टरवर बसले. चौथ्या दिवशी बांधाबांधानं गेले तर कुत्री मागं लागली, तेवढी पन्नास-साठ पावलं मात्र फार जोरात पडली, आणि पुढं कोण उभं? उद्धव सर. बस.

हे सगळं मी सहन केलं असतं हो. पण गाव आहे ना. आपल्याकडं माणूस आजारी आहे कळलं की कुणी घरी बसतं का? आठव्या दिवशी मावशीच्या ओट्यावर केळीचे दोन फणे आणि बिस्किटांचे सात पुडे. मावशी चक्रावलेली. "काय झालं वं लोकायले? येते, बसते, माह्या तोंडाकडं पाह्यते, अन् जाते."

कारण आजारी माणसाला काय झालंय ते विचारत नाहीत ना, वाईट दिसतं ते. नुसतं बघायचं आणि म्हणायचं, किती वाळली. मावशी, तुम्हाला सांगते, माझ्या दीडपट आहे. आणि तिला प्रत्येक जण म्हणतोय, "किती वाळली बाई अन्नपूर्णा." जे एक वाक्य ऐकायला मी पहाटे उठते, उपाशीपोटी गोळी गिळते, कुत्र्यांपुढं पळते, ते वाक्य फुकटात मावशीला. कोकिळाकाकू तर तिच्या ब्लाउजची बाही चिमटीत धरून म्हणाली, "पाह्य, किती ढिली झाली." माझ्या देखत. माझी बाही काखेत करकचत होती.

आणि बिस्किटं? मावशीला गोड जात नाही. "तू खाय वं, तुह्या निमतानंच आलेत," असं ती सहज म्हणाली, तिला काहीच माहीत नव्हतं, आणि माझ्या घशात पहिलं बिस्किट अडकलं. पहिलंच. बाकीची गेली. पंधराव्या दिवशी दवाखान्यात गपचूप काट्यावर उभी राहिले. दोन किलो तीनशे. वाढले.

पण वाईट ते नव्हतं. वाईट पुढचं. एका सकाळी मावशीनं भाकरी अर्धीच खाल्ली आणि मला म्हणाली, "मंजू, खरं सांग, मी वाळली का वं?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "लोक खोटं कशाले बोलतीन? काई तरी असनच आतून." आणि त्या दिवशी ती म्हशीला ओरडली नाही. धडधाकट बाई, माझ्या एका दचकण्यापायी ओट्यावर भिंतीला टेकून बसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा थंड होईस्तोवर मी तोंड उघडून बसले होते. शेवटी त्या उघड्या तोंडात खारी घातली.

आणि मग रविवारी संघर्ष आला. मावशीचा मुलगा, पुण्याला असतो. कुणीतरी फोन केला, "मायले पाहून जा." एवढंच. असा फोन आल्यावर माणूस काय समजेल? रजा टाकून, गाडी काढून, एकही थांबा न घेता आला, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि अंगणात कोकिळाकाकू, उद्धव सर, आणखी चार बाया, आणि मधोमध खाटेवर मावशी, धडधाकट आणि भेदरलेली. तेवढ्यात दूध घालून गावातून पुन्हा आलेले माणिकराव. मागं मी. बसलेली.

संघर्ष म्हणाला, "आई म्हणते तिला काहीच होत नाहीये. मग आजारी आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

काकू म्हणाली, "सरायनं."

सर म्हणाले, "मला माणिकरावांनी." अगदी गणित सोडवल्यासारखं, पायरी पायरीनं.

माणिकरावांनी गाडी बंद केली. मग वळून माझ्याकडं बघायला लागले. मी अजून गाडीवरून उतरलेही नव्हते.

मी दुसरं काहीतरी बोलले असते, देवाशपथ, माझ्या डोक्यात तीन थापा तयार होत्या. पण मावशीनं माझा हात धरला आणि लेकाला म्हणाली, "तिले नको बोलू. तूच येत नाही, ती रोज येते, माह्या आठवणीनं." आणि हातात हात असताना नाही हो बोलता येत खोटं. मी म्हटलं, "मावशीला काही झालेलं नाही. मला झालंय. थायरॉईड. वजन कमी करायला चालत होते, सांगायची लाज वाटली म्हणून मावशी आजारी आहे म्हटलं. आणि…" इथं थांबता आलं असतं. "…आणि आठवण पण नव्हती आली."

मग कोकिळाकाकूनं मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तरीच दोन इंच."

संघर्ष खाटेवर बसला आणि तोंडावर हात धरून हसायला लागला, का रडायला, मला त्याच्याकडं बघवलंच नाही. मावशीनं माझा हात सोडला होता. कधी सोडला ते मला कळलं नाही. मग म्हणाली, "मंग तो चहा?"

मी म्हटलं, "तो मला चालत नव्हता."

"रोज पेली."

"रोज."

लोक उठले, एकेक करून गेले. केळी कुणी परत नेली नाहीत. संघर्षला जेवायला वाढलं, मी भांडी घासली, कुणी सांगितलं नव्हतं. निघताना मावशी फाटकाशी आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या येशीन?"

"येईन."

"पायी ये. चहा नाही देणार." मग फाटकाची कडी लावत, "मी येतो सामोरी, अर्ध्या रस्त्यात. दोघी असलो म्हणजे पाहू कोण थांबवते."

मला रात्रभर बरं वाटलं हो. लाज गेली नव्हती, ती अजून आहे, पण निदान आता चालता येणार होतं. लपवायला उरलंच काय होतं? सोमवारी सहाला निघाले, ताठ. पाठीमागं ब्रेक लागला तर दचकले सुद्धा नाही. म्हणजे थोडीच दचकले.

"बस."

"नको काका. मला चालायचंय. काल सांगितलं ना."

"सांगतलं म्हणूनच तं म्हणतो. आदी मावशी आजारी होती, तवा मी तुले चालू देल्लं नाही. आता तं तूच आजारी. चक्कर आली, पडली, मंग तुह्या बापाले काय सांगू?"

मी चालत राहिले. ते पहिल्या गिअरमध्ये माझ्या शेजारून चालत राहिले. एक किलोमीटर. तुम्ही विचार करा, एका बाजूला मी धापा टाकतेय, दुसऱ्या बाजूला मोटरसायकल फुरफुरतेय, कॅन हिंदकळताहेत, आणि माणिकराव दर दहा पावलांनी घड्याळ बघून म्हणताहेत, "काई हरकत नाही. दूध नासन तं नासन." अख्ख्या गावाचं दूध. माझ्या वजनापायी.

आणि मी बसले.

पण मला एक आशा होती. मावशी. पुढं वळणावर ती दिसली, कासोटा खोचून, हातात काठी, ताडताड येणारी. कुणाच्या बापाला न भिणारी बाई. मला वाटलं, आता ही माणिकरावांना असं झाडेल की पुन्हा गाडी थांबवायची त्यांची छाती होणार नाही. माणिकरावांनी ब्रेक लावला. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तोंड उघडलं. त्याआधीच माणिकराव म्हणाले, "मावशे, येवढ्या सकाळी पायी? बस."

मावशीनं मागं रस्त्याकडं पाहिलं. पुढं पाहिलं. काठी माझ्या हातात दिली.

"सरक वं थोडी," म्हणाली.

आणि मावशी बसली.