महारुद्रकाकांनी गाडी थांबवली तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मुख्याध्यापक काशीनाथराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती महारुद्रकाका, काकू, आणि मघापासून जेवणाच्या वासानं चुळबुळ करणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

बावीस वर्षं शाळेची गाडी चालवून काका आज निवृत्त होताहेत. त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक झालंच. मला मात्र त्यांनी केलेल्या उशिराबद्दल बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती परीक्षेला चौदा लेकरं घेऊन आम्ही ताडकळसहून पूर्णेला निघालो. काकांना मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण गडबडीत न्याहारी राहिली. वाटेत त्यांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात म्हैस आडवी आली. काकांनी गाडी थांबवून तिला चक्क हात जोडले, "वहिनी, जरा सरका." लेकरं खिदळली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

काकांनी मात्र गाडी कडेला घेतली आणि चावी माझ्या हातात दिली. "नागनाथ गुरुजी, साखर उतरली. हात थरथरायलेत."

खिशातली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून ते प्यायले, वर बिस्किटं खाल्ली. पंधरा मिनिटांत म्हशीला म्हैस म्हणू लागले. मी म्हणालो, "चला आता!"

"न्हाई. बरं वाटलं तरी पाऊण तास गाडीला हात लावायचा न्हाई. डॉक्टरांनी बजावलंय."

"पेपरला अर्धा तास राहिलाय! लय डरपोक हाव तुमी!"

"असू द्या," काका म्हणाले.

मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. तेवढ्यात मागून सटवाजी बँडवाल्यांचा टेम्पो आला. मी रस्त्यात आडवाच उभा राहिलो. लेकरं ढोलांच्या मधे बसली, मी मोठ्या तुतारीला कवटाळून. चावी काकांना परत दिली, ते गाडीपाशीच थांबले. परीक्षा केंद्राच्या फाटकावर सटवाजींना राहवलं नाही, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कोणी मोठा पाहुणा आला समजून केंद्रप्रमुख सदरा सावरत बाहेर धावले. त्यांना मी दिसलो. त्यांचा चेहरा काय सांगू?

आम्ही पोचल्यावर सातच मिनिटांनी पेपर सुरू झाला. चौघांना शिष्यवृत्ती मिळाली. राहिलेल्यांतला एक आता सटवाजींकडे ढोल शिकायलाय.

पेपर सुटला तेव्हा काका साखर तपासून, पोटभर जेवून, गाडी घेऊन फाटकात उभे होते. मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसलो. माफी मागायला जीभ रेटली नाही.

काका, 'डरपोक' हा शब्द मी लेकरांसमोर उच्चारला होता. आज त्याच लेकरांसमोर मागं घेतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवसाचं मात्र काकांनी घालावं.