देवीचा उजवा कौल

देवीने दिलेल्या कौलावर प्रश्न करायचा नाही, हे मला लहानपणापासून बजावलं होतं. परवा मी काय केलं, ते ऐका.

शेणव्याच्या पुढे आमचं गाव. तिथे वीज प्रकल्प येणार म्हणे. एक तळं डोंगरावर, दुसरं खाली आमच्या भातखाचरांत. दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ती महाग झाली की खाली सोडून वीज बनवायची.

"म्हणजे बनेल त्यापेक्षा जास्त वीज खर्च होणार?" मी विचारलं.

प्रकल्पाचे साहेब हसले. "हो, पण भावातला फरक मिळतो ना! आणि तुमची घरं काही बुडणार नाहीत."

संमती द्यायची की नाही, ते म्हाताऱ्यांनी देवीवर सोडलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. थोरले आप्पाकाका हात जोडून उभे राहिले. ते अजून एक शब्दही बोलले नव्हते, वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि उजवं फूल टपकन खाली आलं.

"दिला गो आईने कौल! चला, सह्या करा."

"काका, तुमी अजून विचारलंच नव्हतं."

"तिला समदं कळतं. तुझा पन हिस्सा हाय जमिनीत, कर सही."

"नाय करणार. तुमच्या आधी मी विचारलं होतं, मनातल्या मनात."

"काय विचारलंस?"

"आमची घरं बुडणार का?"

काकांनी खाली पडलेल्या फुलाकडे पाहिलं.