सत्कारमूर्तींना आधी आडवं करा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले छपाई विभागाचे मुकादम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती आणि मित्रहो, कारखान्याची डॉक्टर म्हणून दोन शब्द बोलायला मी उभी आहे.

मुकादमांना आपण 'गोळीमास्तर' म्हणतो. का बरं? कुणाची कंबर धरली, दाढ ठणकली, की यांच्या खिशातून वेदनाशामक गोळी हजर! वर "घ्या हो, डॉक्टरीणबाई उगीच घाबरवतात" हेही असतंच. हसा, हसा. गोळी गुणाची आहे. यांच्या गुडघ्यांना मीच दिली होती. सूज उतरते, दुखणं थांबतं. पण ती घ्यायची थोडेच दिवस, तीही भरल्या पोटी. हे महाशय पेपरमिंटसारखी खातात.

आत्ता माइककडे येताना वहिनींनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "कालपासून यांना शौचाला डांबरासारखं काळं होतंय. सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय मला."

मुकादम, त्यांच्याकडे डोळे वटारू नका! भरल्या सभेत हे बोलू नये, एवढं मलाही कळतं. पण जी गोळी गुडघा शांत करते, तीच पोटाचं अस्तर खाते. आतून रक्त जातंय तुमचं. दुखत नाही म्हणता? अहो, ती गोळीच दुखू देत नाही!

काय? आधी भाषण पुरं करू? कपाळ कसं गार पडलंय बघा, घामानं शर्ट भिजलाय, ओठ पांढरे पडलेत! पाहुण्यांनो, त्यांना उभं राहू देऊ नका, आडवं करा. पाणी नको, घोटभरही नको. कुणीतरी धावा, फाटकातली रुग्णवाहिका दाराशी आणा. तो पुष्पगुच्छ बाजूला ठेवा आणि मनगट द्या इकडे.

"एवढ्या माणसांसमोर आडवा होऊ? लाज वाटते हो, बाई."

लाज जिवापेक्षा मोठी झाली का? वहिनींच्या तोंडाकडे बघा जरा.

"वाचेन ना मी?"

माइकवरच विचारलंत, तर सगळ्यांसमोर सांगते. ठाऊक नाही. म्हणून तर घाई करतेय. मलाही भीती वाटतेय, मुकादम.

अध्यक्ष महोदय, गौरवाचं एक वाक्य धड बोलले नाही. तरी आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानापमानात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं विसरा. आता मधली वाट मोकळी करा. वहिनी, तुम्ही त्यांचा हात सोडू नका.