सारवलेलं तळं

गिदोन मास्तर : पण भागूबाई, तो चुना चांगला वाळला होता! त्यावर शेण कशाला लावलंत?

भागूबाई : आवो, खोलीत केलेल्या ह्या समद्या तळ्याला वारुळाची माती. काठाला बाभळीच्या फांद्या, वर सुगरणीचे खोपे. आन मधीच त्यो पांढराफटक चट्टा! उद्या नगरचं साहेब येनार, म्हनलं सारवून घ्यावं.

गिदोन मास्तर : चट्टा नव्हता तो, पडदा होता! तीन वर्षांमागं गावचं तळं भरलं होतं, तेव्हा पाद्रीसाहेबांच्या कॅमेऱ्यानं मी फिल्म घेतली. ती मशीननं तिथं दाखवायची होती. उद्या येणाऱ्या साहेबांना पसंत पडलं तरच आपलं हे मातीचं तळं नगरच्या प्रदर्शनात जाणार. महिनाभर राबलो मी.

भागूबाई : आन माती कुनी तुडवली?

गिदोन मास्तर : तुम्हीच. पण निदान विचारायचं तरी!

भागूबाई : तुमीच म्हनला हुता, त्या सिनेमात आमचं मालक येत्यात.

गिदोन मास्तर : येतात. म्हशीला पाणी पाजायला. त्याचं काय?

भागूबाई : मानूस येनार आन जागा न सारवता ठिवायची व्हय? दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन. घरात एक फोटू न्हाई.

(मास्तर मशीनवर फिल्म चढवतात.)

गिदोन मास्तर : खिडक्यांना गोणपाट लावा. बघू काय दिसतंय.

भागूबाई : लई खडखडतंय वो तुमचं मशीन... आगं बया! पानी!

गिदोन मास्तर : बगळे नीट दिसत नाहीत. सगळंच काळपट.

भागूबाई : पानी आसंच हुतं की, मातीच्या रंगाचं. तुमच्या चुन्यावर दुधागत दिसलं आसतं.

गिदोन मास्तर : खरंय... आता येतील. ते बघा, डावीकडून.

भागूबाई : व्हय. एक खांदा खाली, तीच चाल. पर वर का बघंनात?

गिदोन मास्तर : मीच सांगितलं होतं, कॅमेऱ्याकडं बघू नका.

भागूबाई : तुमचं बरं ऐकलं! माझं कंदी ऐकलं न्हाई... मास्तर, चालले की. जरा थांबवा त्यास्नी.

गिदोन मास्तर : थांबवलं तर दिव्याच्या धगीनं फिल्म तिथंच जळते, भागूबाई.

भागूबाई : नगं मग. जाऊ द्या त्यास्नी.

गिदोन मास्तर : ...संपलं. गोणपाट काढू नका आता. चुनाही नको. साहेबांना हेच दाखवू. नाही म्हणाले तर म्हणू देत.

भागूबाई : पर सकाळपातूर वाळून चिरा पडत्याल. मी लवकर येते, पुन्यांदा एक हात फिरवून घेते.